भेगाळ बसाल्ट खडकातील कूपनलिकेच्या निचरा क्षेत्राचे अनुमान : धार व देवास जिल्ह्यांच्या संदर्भात

प्रस्तावना
माळव्यातील धार व देवास जिल्ह्यांचा बहुतांश भाग दख्खनच्या बसाल्ट खडकाने व्यापलेला आहे. देवास शहराला 1990 साली रेल्वेने पाणी पुरवावे लागले. 2006 पासून तेथे भगीरथ कृषक अभियानातून शेततळ्यांवर भर देण्यात आला. या पार्श्वभूमीवर एक कूपनलिका किती क्षेत्रातील पाणी ओढते, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

खडकाची रचना
अखंड बसाल्टमध्ये पाणी जवळजवळ मुरत नाही. ते भेगा, सच्छिद्र थर व झिजलेला भाग यांत साठते. भेगांतील पाणी चटकन येते, तर भोवतालच्या खडकातील पाणी सावकाश झिरपते. त्यामुळे सुरुवातीची जोरदार धार म्हणजे मोठा साठा नव्हे. भेगाळ खडकातील नैसर्गिक वायूच्या साठ्यांनाही हेच तत्त्व लागू पडते. तेथे विहिरी पुरेसा काळ बंद ठेवून दाब मोजतात आणि काढलेल्या वायूच्या तुलनेत दाब किती घटला, यावरून साठ्याचे अनुमान करतात.

अनुमानाची पद्धती
पाण्याच्या बाबतीत उपसलेले पाणी, पातळीतील घट आणि खडकातून निथरणाऱ्या पाण्याचे प्रमाण यांची सांगड घालावी लागते. भूजल अंदाज समितीच्या 1997 च्या निकषांनुसार झिजलेल्या वा सच्छिद्र, भेगाळ बसाल्टसाठी हे प्रमाण 1 ते 3 टक्के, साधारण 2 टक्के धरले जाते.

समजा, तासाला 10,000 लिटर पाणी देणारा पंप रोज 6 तास याप्रमाणे उन्हाळ्यात 100 दिवस चालला. एकूण उपसा 6,000 घनमीटर झाला. भोवतालची स्थिर पातळी सरासरी 4 मीटर उतरली आणि बाहेरून पाणी आले नाही, तर 2 टक्के प्रमाणाने निचरा क्षेत्र 7.5 हेक्टर येते. प्रमाण 1 टक्का धरल्यास ते 15 हेक्टर, 3 टक्के धरल्यास 5 हेक्टर होते.

मर्यादा
पंप बंद करताच मोजलेली पातळी फसवी असते. ती घट 8 मीटर दिसली, तर क्षेत्र निम्मे भासते. शिवाय भेगांच्या दिशेने हे क्षेत्र लांबट असू शकते.

निष्कर्ष
दोन हेक्टरच्या शेतकऱ्याची कूपनलिकादेखील शेजाऱ्यांच्या जमिनीखालील पाणी ओढू शकते. म्हणून नवी कूपनलिका खोदण्यापूर्वी गावाने मिळून पातळीच्या व उपशाच्या नोंदी ठेवणे अगत्याचे आहे.