दुसरा मॉनिटर दिसेना तेव्हा

मुकुंदनगरातल्या आमच्या घरी एकाच टेबलावर दोन मॉनिटर पाहून पाहुण्यांना नवल वाटतं. कारण साधं आहे. आम्ही दोघंही शिक्षक, प्रश्नपत्रिका उर्दूतही लागतात आणि मराठीतही. उजव्या स्क्रीनवर इनपेजमधली नस्तालीक, डाव्या जुन्या स्क्रीनवर मराठी. एकाच स्क्रीनवर दोन्ही करायला गेलं की क्रमांक चुकतात आणि परीक्षेत मुलं हात वर करतात, "टीचर, सातवा प्रश्न दोनदा आला."

मोठ्या लेकीनं व्हिडिओ एडिटिंग शिकायला घेतलं, म्हणून शनिवारी दुकानातून संगणकात ग्राफिक्स कार्ड बसवून आणलं. घरी वायरी जोडल्या. नवा मॉनिटर लागला, जुन्यावर 'नो सिग्नल'. डिस्प्ले सेटिंगमध्ये 'डिटेक्ट' दाबून पाहिलं. विंडोज आणि पी ही बटणं एकदम दाबून 'एक्स्टेंड' निवडलं. काही नाही. दुकानदार फोनवर म्हणाले, "जुना उडाला असेल, नवा घेऊन टाका." सोमवारी सहामाहीच्या दोन प्रश्नपत्रिका द्यायच्या होत्या, आणि नव्या मॉनिटरचे पैसे लेकीच्या फीमधूनच काढावे लागले असते.

मगरिबनंतर शेजारच्या चाचांचा जुना लॅपटॉप आणून त्याला तीच वायर, तोच मॉनिटर जोडला. लख्ख चित्र! म्हणजे मॉनिटर ठीक, वायरही ठीक.

मग कॅबिनेट फिरवून मागची बाजू पाहिली. नव्या मॉनिटरची एचडीएमआय वायर खाली, नव्या कार्डात होती. जुन्याची निळी व्हीजीए वायर मात्र सवयीनं वरच्या, मदरबोर्डच्या सॉकेटात. घोटाळा इथेच होता. वेगळं कार्ड बसवलं की बहुतेक मदरबोर्ड आपलं अंगचं ग्राफिक्स आपोआप बंद करतात. सॉकेट दिसतं, वायर घट्ट बसते, पण त्यातून चित्रच निघत नाही.

मग जुनी वायरही कार्डालाच का लावली नाही? कारण कार्डावर उरलेलं सॉकेट डीव्हीआय-डी होतं. घरातलं डीव्हीआय-व्हीजीएचं छोटं जोडणं त्यात शिरेचना. त्याच्या चपट्या पात्याभोवती चार पिना असतात, त्या व्हीजीएच्या अ‍ॅनालॉग सिग्नलसाठी. डीव्हीआय-डीला त्यांची छिद्रंच नसतात, कारण ते फक्त डिजिटल सिग्नल देतं. पिना मोडून ते बसवू नका. बसेल, पण चित्र येणार नाही. तिथे सिग्नल बदलून देणारा कन्व्हर्टरच लागतो. व्हीजीए 1987 मध्ये आयबीएमच्या संगणकांबरोबर आलं. एवढ्या म्हाताऱ्या वायरीसाठी नव्या कार्डांवर जागा ठेवत नाहीत, यात त्यांचा दोष नाही.

शेवटी बिनखर्चाचा उपाय चालला. संगणक चालू होताच डिलीट बटण दाबत राहून बायोसमध्ये गेलो (काही कंपन्यांत एफ 2 असतं). तिथे 'आयजीपीयू मल्टी-मॉनिटर' बंद होतं, ते 'एनेबल' करून सेव्ह केलं. दुसऱ्या बोर्डांवर हेच 'इंटर्नल ग्राफिक्स' अशा नावानं असतं. मात्र प्रोसेसरला स्वतःचं ग्राफिक्स हवं. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाअखेर 'एफ' असेल तर ते नसतं, मग दोन्ही वायरी कार्डालाच लावाव्या लागतात.

जुना मॉनिटर लागला, तर माऊस उलट्या कडेनं पलीकडे जाऊ लागला. सेटिंगमधले 1 आणि 2 हे चौकोन ओढून जागा बदलल्या. रात्री अकराला उर्दूचा पेपर उजवीकडे, मराठीचा डावीकडे. सातवा प्रश्न एकदाच आहे ना, हे लेकीनं दोन्हीकडे मोजून पाहिलं.