घरात मराठी, देवापुढे गोंडी

आदिलाबाद जिल्ह्यातील परधान घरात मराठी बोलतात आणि देवापुढे गोंडीत गातात. ज्यांच्यासाठी ते गातात ते राजगोंड. त्यांची मातृभाषा गोंडी. गोंडांच्या देवांच्या कथा आणि चार, पाच, सहा व सात भावांचे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्यांच्या चार कुळसमूहांची उत्पत्ती पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या मुखी राहिली, त्यांची घरची भाषा मराठी आहे. मराठीच्या अध्यापकांनी या गोष्टीकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही, असे माझे मत आहे. बोलींच्या अभ्यासात वऱ्हाडी, झाडीबोली यांच्यावर आपण पुष्कळ लिहितो; दुसऱ्याचे महाकाव्य सांभाळणारी ही मराठी मात्र आपल्या नकाशाच्या कडेला राहून गेली.

आदिलाबाद म्हणताना मी जुना जिल्हा धरतो. उत्तरेला पैनगंगा, वर्धा आणि प्राणहिता, दक्षिणेला गोदावरी, असा तो मुलूख. २०१६ साली त्याचे चार जिल्हे झाले आणि या लेखातील काही गावे आता कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात मोडतात. १९५६ पर्यंत सारा भाग हैदराबाद राज्यात होता. भाषावार प्रांतरचनेत किनवट आणि राजुरा हे तालुके इकडे आले, उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात गेला.

परधान आणि गोंड यांचे नाते वंशपरंपरेने चालते. परधानाचे घराणे ठरावीक गोंड घराण्याशी बांधलेले असते. आपल्याकडच्या गोंधळ्याशी तुलना करण्याचा मोह होतो, पण गोंधळ घालायला आपण कोणत्याही गोंधळ्याला बोलावू शकतो. परधान आपल्याच यजमानाकडे गातो, कारण त्याच्या कथेत त्या यजमानाचेच पूर्वज असतात. कुळाचा देव पेर्सा पेन. भाल्याचे पाते आणि चवरी ही त्याची चिन्हे. त्याच्या उत्सवात परधान हवाच. घरात कोणी वारले तरी तो हवा. मुख्य गायकाच्या हाती किकरी असते, घोड्याच्या केसांच्या गजाने वाजणारे तीन तारांचे वाद्य. साथीला सनईच्या जातीचे पेप्रे आणि ढोल. मोबदला धान्याचा, कधी जनावराचा.

हे गाणे कागदावर पहिल्यांदा उतरवून घेतले ते एका मिशनऱ्याने. मिशनरी म्हटले की मराठी वाचकाला फादर स्टीफन्स आणि १६१६चे ‘क्रिस्तपुराण’ आठवते. स्टीफन्सनी ओवी आपली मानली आणि तिच्यात आपली कथा घातली. नागपूरचे स्टीफन हिस्लॉप वेगळ्या वाटेने गेले. ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे, १८४५ साली नागपुरात आलेले, शाळा काढणारे आणि दगडगोट्यांत रमणारे भूशास्त्रज्ञ. त्यांनी एका परधान पुजाऱ्याकडून लिंगोची कथा मूळ गोंडीत उतरवून घेतली. १८६३ साली टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना ओढ्याच्या पुरात ते बुडून मरण पावले. त्यांचे कागद चीफ कमिशनर रिचर्ड टेम्पल यांनी १८६६ साली छापले. गोंडी मजकूर रोमन लिपीत आणि शेजारी इंग्रजी अर्थ, अशी ती मांडणी आहे. पुढे कॅप्टन फोर्सिथ यांनी त्याच कथेचे इंग्रजी पद्य केले आणि त्यासाठी लाँगफेलोच्या ‘हायवाथा’चा छंद घेतला. किकरीवरचे गाणे पाच-सात वर्षांत अमेरिकन कवितेच्या चालीवर गेले! हिस्लॉपनी मूळ गोंडी ओळी जपल्या नसत्या, तर आज आपल्या हाती ते पद्यच उरले असते.

धर्मकार्याला आलेल्या माणसाने परक्यांची कला टिपून ठेवण्याचे याहून मोठे उदाहरण आपल्या देशाबाहेरचे आहे. इथे ते देतो, कारण टिपून ठेवल्याने काय वाचते आणि काय वाचत नाही हे त्यात स्वच्छ दिसते. बाल्तासार हाइमे मार्तिनेस कॉम्पान्योन हे अठराव्या शतकाच्या अखेरीस पेरू देशातील त्रुहियोचे कॅथलिक बिशप होते. १७८२ ते १७८५ या काळात ते आपल्या अफाट धर्मप्रांतात फिरले आणि तेथील माणसे, विणकाम, नाच, झाडे, पक्षी, जुनी थडगी यांची चित्रे काढवून घेतली. नऊ खंडांत १,४११ जलरंगचित्रे. आठ भाषांतील ४३ शब्दांचा एक तक्ता आणि वीस गाण्यांची स्वरलिपीही त्यात आहे. त्यांतले एक गाणे मोचिका भाषेतले. ही भाषा पुढे बोलणाऱ्यांअभावी संपली. तिच्यातले स्वरलिपीसह उरलेले गाणे म्हणजे हेच. आज ते गायले जाते, ध्वनिमुद्रितही होते. पण त्यातील शब्दांचा पुरता अर्थ लागत नाही. बिशपनी सूर वाचवला. ते खंड स्पेनच्या राजाकडे गेले आणि आजही माद्रिदच्या राजग्रंथालयात आहेत.

आता पुन्हा आदिलाबादकडे. १९४० साली जोडेघाटच्या डोंगरात कुमरम भीम निजामाच्या पोलिसांकडून मारला गेला. जमीन आणि जंगल हातचे जात असल्याने गोंड उठले होते. हे असे का झाले ते समजून घेण्यासाठी निजाम सरकारने व्हिएन्नाचे मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांची मदत घेतली. महायुद्धामुळे ते ‘शत्रू देशाचे नागरिक’ ठरले होते आणि हैदराबाद राज्यातच अडकून पडले होते. पत्नी बेटी यांच्यासह ते मारलवाई या गोंड गावात राहिले. त्यांचा ‘आदिलाबादचे राजगोंड’ हा इंग्रजी ग्रंथ १९४८ साली निघाला. त्यातील कथांचा मोठा भाग परधानांकडून आलेला आहे. परधान घरी मराठी बोलतात, ही नोंदही त्यांनी केलेली आहे.

पण मला त्या ग्रंथाहून १९४३ साल महत्त्वाचे वाटते. त्या वर्षी मारलवाईत गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. प्रश्न होता लिपीचा. लिहिता-वाचता येणारे गोंड मूठभर, आणि जे होते ते मराठी शिकलेले. तेव्हा गोंडीची पहिली वाचने देवनागरीत तयार झाली. मराठीच्या आधाराने गोंडी शाळेत शिरली, हा आपल्या भाषेच्या इतिहासातला एक चांगला प्रसंग आहे. त्याच सुमारास निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी सरकारी अधिकारी म्हणून या भागात होते. ते गोंडी शिकले, त्यांनी गोंडीचे व्याकरण लिहिले. मराठी वाचक त्यांना शिवकालाचे आणि उर्दू-फारसी साधनांचे अभ्यासक म्हणून ओळखतो. त्यांचे गोंडीचे काम शिकवताना मात्र बहुधा वगळले जाते.

१९५६ नंतर शाळेचे माध्यम तेलुगू झाले आणि गोंडी वाचने मागे पडली. हायमेनडॉर्फ पुन:पुन्हा परत येत राहिले. १९८७ साली बेटी वारल्या. त्यांची समाधी मारलवाईत आहे. त्यांनी घेतलेली छायाचित्रे आणि चित्रफिती लंडनच्या विद्यापीठात जपल्या आहेत. त्रुहियोचा ठेवा माद्रिदला, मारलवाईचा लंडनला.

दरम्यान बाकीच्या कलांचे काय झाले, तेही पाहावे लागेल. उशेगाव, केसलागुडा येथील वोज कारागीर मेण गाळून पितळ ओततात. गोंडांसाठी घुंगरू, दागिने, देवाची चिन्हे घडवणे हे त्यांचे मूळ काम. त्यांच्या ढोकरा कामाला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि आता पितळी मोर, हत्ती शहरातल्या दिवाणखान्यांत जातात. दिवाळीच्या आधी मोरपिसांचा भरघोस मुकुट घालून नाचला जाणारा गुसाडी रंगमंचावर पोचला. त्याचे गुरू मारलवाईचेच कनकराजू. त्यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. २०२४ साली ते गेले. ढोकराला नवा गिऱ्हाईक मिळाला, गुसाडीला नवा प्रेक्षक. या दोन्हींबद्दल नाक मुरडणाऱ्यांशी मी सहमत नाही. कारागिराला पोट आहे.

परधानाच्या कथेला असा गिऱ्हाईक मिळणे अवघड आहे. मोर कोणाच्याही टेबलावर शोभतो. रात्रभर चालणारी एका कुळाची कथा दहा मिनिटांत बसत नाही, आणि बसवली तरी ऐकणाऱ्याचे पूर्वज तिच्यात नसतात. ती मागणारा एकच, तो गोंड यजमान. त्याची जमीन गेली की धान्य गेले, आणि परधानाचे येणेही थांबते. म्हणून मला १९४० नंतरच्या कामात जमिनीचे पट्टे आणि कथांची नोंद ही दोन वेगळी खाती वाटत नाहीत. हायमेनडॉर्फ यांनी सरकारी सल्लागार म्हणून पट्ट्यांसाठी केलेला आग्रह हा त्या गाण्याच्या जपणुकीचाच भाग होता, मग तो ग्रंथाच्या अनुक्रमणिकेत असो वा नसो. बिशप कॉम्पान्योन यांनीही शाळा काढल्या, गावे वसवली; पण मोचिका बोलणाऱ्या घराला ती भाषा रोज लागावी, असे काही त्या नऊ खंडांना करता येण्यासारखे नव्हते.

अलीकडे एक वेगळी हालचाल झाली. नारनूर मंडलातील गुंजाळा या गावी गोंडीची स्वतंत्र लिपी असलेल्या हस्तलिखित पोथ्या हैदराबादच्या अभ्यासकांच्या नजरेस आल्या. गावातील काही वृद्धांनाच ती वाचता येत होती. २०१८ साली या ‘गुंजाळा गोंडी’ लिपीला युनिकोडमध्ये जागा मिळाली. २०११च्या जनगणनेत २९ लाख ८४ हजार लोकांनी गोंडी ही मातृभाषा सांगितली. आठव्या अनुसूचीत मात्र ती नाही. पोथ्या बाहेरच्या राजधानीत न जाता लिपीच फोनमध्ये आली, हा फरक मला मोलाचा वाटतो.

आता परधानाच्या घरातल्या मुलाचा विचार करा. आई त्याच्याशी मराठीत बोलते. शाळा तेलुगूची, पुढे इंग्रजीची. गोंडी त्याला आजोबांबरोबर यजमानाच्या गावी, देवाच्या दिवसांतच ऐकू येते, आणि किकरी धरायची तर हीच चौथी भाषा त्याला पाठ हवी. राज्याच्या सीमेच्या अलीकडे, किनवट भागातल्या त्याच्या सोयऱ्यांच्या शाळेत मराठी आहे; तिथे फळ्यावर देवनागरी रोज असते. मारलवाईच्या वाचनांना १९४३ साली तेवढीच पुरली होती.