साप्ताहिक तक्ता आणि स्क्रिप्ट : एका धान्यव्यापाऱ्याचे निवेदन

दाजीबानपेठेतील कोणत्याही जुन्या पेढीवर कीर्द, खतावणी आणि तेरीज हे तीन शब्द आजही कानी पडतात. कीर्दीत रोजचा व्यवहार जसा घडला तसा टिपावयाचा, खतावणीत तो ज्याच्या त्याच्या खात्याखाली न्यावयाचा, आणि महिनाअखेरीस सर्व खात्यांच्या बाक्यांची तेरीज मांडून ताळा पाहावयाचा, असा हा क्रम होय. आमच्या वडिलांच्या काळी कीर्दीत खाडाखोड करण्यास सक्त मनाई असे. चूक झाल्यास ती खोडावयाची नाही, दुसऱ्या दिवशी उलट नोंद घालावयाची. तेरीज मात्र हवी तितक्या वेळा नव्याने मांडण्यास कोणाची हरकत नसे, कारण ती कीर्दीवरूनच निघत असे. हा भेद आम्ही आरंभीच सांगून ठेवतो. संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरमधून एक्सेलचे तक्ते स्क्रिप्टच्या साहाय्याने कसे तयार करावेत, हा प्रस्तुत लेखाचा विषय याच भेदावर उभा आहे.

संगणकावरील तक्ता १९७९ साली व्हिजिकॅल्क या नावाने प्रथम बाजारात आला. डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँक्स्टन हे त्याचे कर्ते. एक्सेल १९८५ साली निघाले. या साधनाने आम्हा व्यापाऱ्यांचे श्रम फार वाचले यात संशय नाही. परंतु त्याने एक जुनी शिस्तही मोडली. कीर्द, खतावणी व तेरीज ही तिन्ही एकाच पानावर आली. ज्या चौकटीत गुमास्ता पोत्यांची संख्या लिहितो, तिच्याच खाली बेरजेचे सूत्र असते. आणि एका बोटाच्या चुकीने कीर्द बिघडली की तेरीज बिघडली हे कळावयासही मार्ग राहत नाही.

यावर आमचाच अनुभव सांगतो. केंद्र सरकारने २१ जून २०२४ रोजी तूर व हरभरा यांच्या साठ्यावर मर्यादा घातली. घाऊक व्यापाऱ्यास ती २०० टन, म्हणजे २,००० क्विंटल होती व ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत लागू होती. अत्यावश्यक वस्तूंच्या १९५५ सालच्या कायद्याखालील हा हुकूम असल्याने त्यात चूक म्हणजे केवळ आकड्याची चूक राहत नाही. त्या दिवसांत आमच्या पेढीवर दर शुक्रवारी साठ्याचा तक्ता होत असे. रीत अशी, की मागील आठवड्याचे पान उतरवून घ्यावयाचे, जुने आकडे पुसावयाचे, नवे भरावयाचे. एका शुक्रवारी सायंकाळी तक्त्याने तुरीचा साठा २,१२० क्विंटल दाखविला. आमच्या पायाखालची जमीनच सरकली. रात्री दहा वाजता वखार उघडून, मुनीम व दोन हमाल बरोबर घेऊन थप्पी-थप्पीने पोती मोजली. वखारीत १,४८० क्विंटल निघाले. चूक कोठे, याचा शोध मध्यरात्रीपर्यंत चालला. विक्रीच्या बेरजेचे सूत्र अठ्ठेचाळिसाव्या ओळीपर्यंतच होते. त्या आठवड्यात विक्री अधिक झाल्याने नोंदी त्रेपन्नाव्या ओळीपर्यंत गेल्या होत्या. शेवटच्या पाच ओळींतील ६४० क्विंटल विकले गेले तरी तक्त्याच्या मते ते वखारीतच होते. गुमास्त्यास बोल लावण्यात अर्थ नव्हता. सूत्र आम्हीच दोन वर्षांपूर्वी लिहिले होते. आणि समजा, चूक उलट्या बाजूस झाली असती, म्हणजे मर्यादेबाहेरचा साठा मर्यादेत दिसला असता, तर आम्ही वखार उघडण्याची तसदी तरी घेतली असती काय?

पुढे वाचनात आले, की अशीच चूक थोरामोठ्यांकडूनही झाली आहे. रेनहार्ट व रोगॉफ या नामांकित अर्थशास्त्रज्ञांनी २०१० साली राष्ट्रीय कर्ज व आर्थिक वाढ यांवर निबंध लिहिला. त्याचा आधार अनेक देशांच्या धोरणचर्चेत घेतला गेला. २०१३ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने त्यांचा तक्ता मागवून तपासला, तेव्हा सरासरीचे सूत्र २० देशांपैकी ५ देशांच्या ओळी वगळून लिहिलेले आढळले. निबंधावर इतरही आक्षेप होते, ते येथे सोडून देतो. ओळी सुटण्याची चूक मात्र आमच्या तुरीच्या चुकीची सख्खी बहीण होय.

आता उपायाकडे वळू. सॉफ्टवेअरला माऊसने टिचक्या मारून काम सांगण्याऐवजी, ते काम क्रमवार लिहून एका फायलीत ठेवावयाचे, या लिखित आज्ञांना स्क्रिप्ट म्हणतात. एकदा लिहिलेली स्क्रिप्ट दर आठवड्यास जशीच्या तशी चालते. संख्याशास्त्राच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आहे. एसपीएसएस हे १९६८ सालचे. त्यात लिखित आज्ञांना सिंटॅक्स म्हणतात आणि उत्तरांचे तक्ते एक्सेलमध्ये पाठविण्याची आज्ञाही लिहिता येते. स्टाटामध्ये पुटएक्सेल नावाची आज्ञा आहे, ती ठराविक चौकटीत ठराविक आकडा नेऊन ठेवते. ही दोन्ही विकत घ्यावी लागतात. आम्ही स्वीकारले ते आर. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका व रॉबर्ट जंटलमन यांनी ते रचले, त्याची १.० ही आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी निघाली. ते विनामूल्य आहे, हे व्यापाऱ्यास वेगळे पटवून द्यावे लागत नाही.

आमच्या पेढीवरील व्यवस्था पुढीलप्रमाणे आहे. गुमास्ता एका साध्या तक्त्यात केवळ कीर्द लिहितो: तारीख, माल, आवक की जावक, क्विंटल, दर. त्या पानावर एकही सूत्र नाही व बेरीज नाही. शुक्रवारी स्क्रिप्ट ती कीर्द वाचते, मालवार आवक-जावकीची बेरीज करते, शिल्लक काढते, आठवड्याच्या दराची सरासरी व चढ-उतार मांडते, आणि आमच्या ठरलेल्या नमुन्याची एक्सेल फाईल उघडून योग्य चौकटींत आकडे भरून त्या दिवसाच्या तारखेच्या नावाने जतन करते. एक्सेलची फाईल वाचण्या-लिहिण्यासाठी आरमध्ये ओपनएक्सएलएसएक्स नावाची जोडणी मिळते. संगणकावर एक्सेल बसविलेले नसले तरी ती चालते. नोंदी ५३ असोत की ५,३००, स्क्रिप्ट फाईल संपेपर्यंत वाचते. अठ्ठेचाळिसाव्या ओळीशी थांबण्याचे तिला कारणच नाही. विंडोजमधील टास्क शेड्यूलर या सोयीने ती ठरल्या वेळी आपोआपही चालविता येते. परंतु आम्ही ती अद्याप माणसाच्या हातानेच सुरू करवितो, हा आमचा स्वभावदोष समजावा.

सरासरीसंबंधी थोडे विस्ताराने लिहिणे अवश्य आहे, कारण बाजारात याच ठिकाणी वाद होतात. समजा, एके दिवशी ३०० क्विंटल तूर १०,००० रुपयांनी गेली आणि २० क्विंटल उत्तम माल ११,५०० रुपयांनी गेला. दोन दरांची साधी सरासरी १०,७५० रुपये येते. पण त्या दिवशी बाजारात एकूण ३२,३०,००० रुपयांची ३२० क्विंटल तूर विकली गेली; म्हणजे खरा दर क्विंटलला १०,०९३ रुपये ७५ पैसे पडला. ही वजनानुसार काढलेली सरासरी होय. दोहोंतील फरक ६५६ रुपयांहून अधिक आहे, आणि जो व्यापारी साध्या सरासरीवर पुढील सौदा करील तो आपल्या भांडवलास मुकेल. एक्सेलमध्येही ही सरासरी काढता येते. परंतु दर आठवड्यास दर मालासाठी ते सूत्र नव्याने ओढावे लागते, आणि घाईत मनुष्य सोपे सूत्र ओढतो. स्क्रिप्टमध्ये ते एकदाच लिहिले जाते. केंद्र सरकारच्या ॲगमार्कनेटवर किमान, कमाल व सर्वाधिक प्रचलित असे तीन दर दिलेले असतात; प्रचलित दर आणि सरासरी या भिन्न गोष्टी आहेत, हे आपल्यांपैकी बरेच जण विसरतात.

तक्त्याचा आणखी एक खोडसाळपणा सांगितल्यावाचून राहवत नाही. मालाची प्रत आम्ही ‘३-५’ अशी लिहीत असू; एक्सेल तिची तारीख करून टाकी. हे दुःख केवळ आमचे नाही. मानवी जनुकांच्या काही लघुनावांना एक्सेल तारखा समजत असल्याने, शेवटी २०२० साली शास्त्रज्ञांना ती जनुकांची नावेच बदलावी लागली! त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडात कोविडच्या सुमारे १६,००० रुग्णांच्या नोंदी अहवालातून गळाल्याचे उघड झाले. जुन्या धर्तीच्या एक्सेल फायलीत ६५,५३६ हून अधिक ओळी मावत नाहीत, हे त्याचे कारण. आमच्या स्क्रिप्टमध्ये प्रत ही तारीख किंवा संख्या नसून अक्षरे आहेत असे स्पष्ट लिहिले आहे, आणि कीर्दीच्या तक्त्यातही तो रकाना आधीच अक्षरांचा ठरवून ठेवला आहे.

आमच्या हुबळीत एक अडचण विशेष आहे, ती पुस्तकांत सापडत नाही. एकाच मालास आमच्या कीर्दीत तीन नावे. मुनीम ‘तूर’ लिहितो, अमरगोळच्या बाजारातून आलेल्या चिठ्ठीवर ‘तोगरी’ असते, उत्तरेकडील व्यापाऱ्याच्या पत्रात ‘अरहर’. ज्वारी आणि जोळ, हरभरा आणि कडले, मूग आणि हेसरु यांचीही तीच कथा. माणसास हे एकच आहे हे कळते. संगणकास तुरीची दोन-तीन वेगळी खाती दिसतात आणि प्रत्येकात शिल्लक चुकते. यासाठी आम्ही नावांची एक वेगळी यादी केली: डावीकडे बाजारात लिहिले जाणारे प्रत्येक नाव, उजवीकडे आमचे खात्याचे नाव. स्क्रिप्ट प्रथम ही यादी पाहते, आणि यादीत नसलेले नाव आढळल्यास अंदाज न बांधता थांबून ते नाव दाखविते. पहिल्या महिन्यात ती इतक्या वेळा थांबली की मुनीम त्रासून गेले; आता क्वचितच थांबते.

थांबविण्याच्या अशा आणखी काही जागा आम्ही मुद्दाम ठेवल्या आहेत. मागील शुक्रवारची शिल्लक अधिक आवक वजा जावक, ही आजच्या शिलकेशी जुळली नाही तर तक्ता तयारच होत नाही. कोणत्याही मालाची शिल्लक शून्याखाली गेली, किंवा दर मागील आठवड्याच्या निम्म्याहून कमी अथवा दुपटीहून अधिक झाला, तर ती ओळ लाल रंगात येते. जुन्या मुनिमांचा ताळा तो हाच. स्क्रिप्टने चूक होत नाही असे मात्र कोणी समजू नये. स्क्रिप्टमध्येच चूक असेल तर ती दर आठवड्यास बिनचूकपणे तीच चूक करील. म्हणून वर्षातून चार वेळा आम्ही एका मालाचा तक्ता कागद-पेन्सिलीने करून पडताळतो, आणि वखारीतील पोती दर महिन्यास मोजतो. कोठल्याही कार्यालयास द्यावयाचा आकडा आजही आम्ही स्वतः वाचल्याखेरीज जात नाही.

आमची स्क्रिप्ट एकंदर १८० ओळींची आहे. ती भाच्याने तीन रविवारांत लिहिली. त्यांपैकी जवळजवळ ७० ओळी संगणकासाठी नाहीतच. आरमध्ये ज्या ओळीच्या आरंभी हॅशचे चिन्ह असते ती ओळ संगणक वाचीत नाही. तेथे माणसासाठी खुलासा लिहावयाचा असतो. आम्ही ते खुलासे मराठीत लिहविले होते; परंतु नवा गुमास्ता कलघटगीकडचा, त्यास मराठी बोलता येते पण वाचता येत नाही. म्हणून गेल्या दिवाळीपासून प्रत्येक मराठी ओळीखाली तीच ओळ कानडीत लिहिली आहे.