वीस हजारांचा लॅपटॉप

सोयाबीनची पट्टी हातात आली, किंवा पावसाळ्यात प्रवेशाची यादी लागली, की लातूर-नांदेडच्या कॉम्प्युटरच्या दुकानांत एक प्रश्न हमखास ऐकू येतो : "वीस हजारात काय बसतंय?" विचारणारे वडील उदगीर, अहमदपूर, कंधार, लोह्याकडून आलेले असतात. पोराला किंवा पोरीला विष्णुपुरीच्या श्री गुरु गोबिंद सिंहजी अभियांत्रिकी संस्थेत नाहीतर एखाद्या तंत्रनिकेतनात प्रवेश मिळालेला असतो. दुकानदार दोन लॅपटॉप पुढे ठेवतो. एक नवा, पातळ, चकचकीत. दुसरा काळा, जाडसर, झाकणावर कुठल्या तरी ऑफिसच्या स्टिकरचा चिकटा उरलेला. "मामा, जुना असला तरी आय-फाइव्ह आहे, डोळे झाकून घ्या."

या पैशात जुनाच घ्यावा, असं माझंही मत आहे. डोळे मात्र उघडे हवेत.

आधी नव्याचं बघू. या किमतीत नवा कोरा मिळतो तो बहुधा सेलेरॉन प्रोसेसरचा, ४ जीबी रॅमचा आणि ६४ जीबी ईएमएमसी साठवणीचा. विंडोज ११ ला किमान ६४ जीबी जागा लागते, म्हणजे पहिल्या मोठ्या अपडेटलाच जागा संपल्याची सूचना येते. रॅम आणि साठवण बहुतेकदा बोर्डावरच डाग देऊन बसवलेली असते. नंतर वाढवू म्हटलं तरी वाढत नाही. वर्षाची वॉरंटी ही त्याची खरी जमेची बाजू, पण मंदपणा वॉरंटीत येत नाही.

जुना आला कुठून? हैदराबाद, पुणे, बंगळुरूच्या कंपन्या कर्मचाऱ्यांसाठी शेकड्यांनी लॅपटॉप घेतात, बऱ्याचदा भाड्याने, तीन-चार वर्षांच्या कराराने. करार संपला की माल एकगठ्ठा बाहेर पडतो. तो घेणारे व्यापारी त्याची साफसफाई करतात, बिघडलेले भाग बदलतात, प्रतवारी लावतात आणि तो "रिफर्बिश्ड" म्हणून विकतात. डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक, लेनोव्होचे थिंकपॅड यातलेच. मुळात महाग, दणकट आणि दुरुस्तीला सोपे. बहुतेकांचं खालचं झाकण स्क्रू काढले की उघडतं.

आता आय-फाइव्ह. हे नाव इंटेलने २००९ पासून इतक्या पिढ्यांना दिलंय की नुसत्या स्टिकरवरून काहीच कळत नाही. बघायचा तो त्यामागचा आकडा. आय५-६३००यू यातला पहिला ६ म्हणजे सहावी जनरेशन. आय५-८३५०यू ही आठवी. आय५-११४५जी७ मध्ये पहिले दोन अंक धरायचे, ती अकरावी. सहावीच्या ६३००यू मध्ये दोन कोअर आहेत, आठवीच्या ८३५०यू मध्ये चार. स्टिकर मात्र दोघांवर आय-फाइव्हचाच. त्यातून स्टिकर सुटा मिळतो आणि कशावरही चिकटतो, म्हणून आकडा सेटिंग्जमधल्या "अबाउट"वर वाचावा.

आठवी जनरेशन ही सीमारेषा आणखी एका कारणाने महत्त्वाची. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासून पुढेच चालतं, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. विंडोज १० चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. त्यामुळे सहावी-सातवीचा माल बाजारात स्वस्तात येतो आणि "विंडोज ११ टाकून देतो" असं सांगून खपवलाही जातो. आडमार्गाने ते चढतं, पण पुढच्या अपडेटची खात्री कुणी देत नाही. लिनक्स वापरणाऱ्याने असा लॅपटॉप खुशाल घ्यावा. बाकीच्यांनी आठवीच्या खाली जाऊ नये.

लॅपटॉप "हँग होतो" ही तक्रार मात्र प्रोसेसरपेक्षा जुन्या हार्ड डिस्कमुळे जास्त असते. तिच्यात तबकडी फिरते आणि सुई योग्य जागी जाईपर्यंत दर वेळी दहा-पंधरा मिलिसेकंद जातात. विंडोज सुरू होताना हजारो बारीक फायली उचलाव्या लागतात. एसएसडीत फिरणारं काहीच नाही. जागा गाठण्याचं तेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शात होतं. तेव्हा पैसे कमी पडत असतील तर आय-सेव्हनचा हट्ट सोडा, २५६ जीबी एसएसडी सोडू नका. रॅम ८ जीबी पुरते. ऑटोकॅड चालवायचं असेल तर १६.

पैसे देण्याआधी दुकानातच लॅपटॉप रिसेट करून पहिल्यापासून सुरू करायला सांगा आणि आपल्या मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडा. मूळ कंपनीने तो आपल्या यादीतून काढला नसेल, तर सुरुवातीलाच त्या कंपनीचं लॉगिन मागितलं जातं. असा लॅपटॉप घरी नेला तर पुढच्या रिसेटला अडकतो. चालू करताना डेलला एफ२, एचपीला एफ१०, लेनोव्होला एफ१ दाबून बायोस उघडा; पासवर्ड मागितला तर तो दुकानदारालाच काढू द्या. मग बॅटरी रिपोर्ट काढायला लावा. त्यात मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारी-शेजारी दिसतात. आजची निम्म्याखाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वजा करायला सांगा, लाजू नका. चार्जरवर बीआयएसचं चिन्ह आणि आर-ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का, तेही बघा.

बिलावर गाडी हमखास अडते. "पक्कं बिल घेतलं तर १८ टक्के वाढतील" हे ठरलेलं उत्तर. जुन्या मालाच्या व्यापाऱ्याने खरेदीवरच्या कराचं क्रेडिट घेतलं नसेल, तर त्याला फक्त आपल्या नफ्यावर जीएसटी भरण्याची सोय नियमांत आहे. म्हणजे १८ टक्के पूर्ण किमतीवर चढतीलच असं नाही. बिलावर सिरियल नंबर आणि दुकानाच्या वॉरंटीचे महिने लिहून घ्या. माल ऑनलाइन, दिल्लीच्या विक्रेत्याकडून आला असला, तरी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. आधी १९१५ या हेल्पलाइनवर फोन करून बघावा.

लॅपटॉप घरी येतो आणि दुसऱ्या दिवशी फोन : "हात ठेवला की झिणझिण्या येतात." पत्र्याची बॉडी असेल तर हे जास्त जाणवतं. चार्जरमध्ये विजेतला गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग नसेल तर त्यांच्यामुळे बॉडीवर घरच्या विजेच्या सुमारे निम्मा व्होल्टेज तरंगत राहतो. करंट अगदी किरकोळ, पण बोटांना कळतो. तिसरी पिन असलेली वायर टू-पिन कन्व्हर्टरमध्ये खुपसली की हेच होतं. अर्थिंग केलेलं असलं, तरी एप्रिल-मेमध्ये काळी जमीन भेगाळून कोरडी पडली की ते नीट लागत नाही. खड्ड्यात पाणी ओतावं लागतं. काही वायरमन अर्थच्या पिनला न्यूट्रलच जोडून मोकळे होतात. हे जिवावरचं आहे. डीपीवरून येणारा न्यूट्रल तुटला, तर पत्र्यावर थेट फेज येऊ शकतो.

स्टॅबिलायझर लॅपटॉपला लागत नाही. चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट असं छापलेलं असतं आणि तेवढा चढउतार तो सोसतो. तो पैसा फ्रिजसाठी ठेवा. न्यूट्रल तुटल्यावर येणारे साडेतीनशे-चारशे व्होल्ट मात्र कुठलाच चार्जर सोसत नाही आणि एमसीबी ते अडवत नाही. त्यासाठी मीटरनंतर ओव्हर-व्होल्टेज प्रोटेक्टर बसवून घ्यावा लागतो. घरात इन्व्हर्टर असेल तर बऱ्याच मॉडेलवर यूपीएस आणि इको असा एक खटका असतो. इकोवर लाइट जाताना अदलाबदलीला जास्त वेळ लागतो. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी आहे, त्याला कळतही नाही. डेस्कटॉप बंद पडतो आणि राउटर नव्याने सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं घेतो. पोरीची ऑनलाइन परीक्षा असेल तर तो खटका आदल्या रात्रीच यूपीएसवर करून ठेवा.