आवाज कोठे राहिला?

कल्याणचे महादेव पटवर्धन यांनी १८९२ च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने जादूच्या कंदिलाचे खेळ सुरू केले. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगविलेली चित्रे दिव्याच्या प्रकाशाने पडद्यावर मोठी होऊन उमटत आणि निवेदक आपल्या वाणीने त्यांत प्राण ओती. चित्रे पेटीत आणि आवाज माणसाच्या कंठात, अशी ती वाटणी होती. पेटी पोहोचली आणि निवेदक मागे राहिला, तर खेळ मुका होणार, हे कोणालाही समजे.

संगणकावर तयार केलेल्या सादरीकरणात मात्र ही वाटणी दिसत नाही. म्हणूनच फसगत होते. समजा, एका मुलीने आपल्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या आणि ‘पॉवरपॉइंट’मध्ये स्लाइडवर बसविल्या. घरी त्या उत्तम ऐकू आल्या. शाळेच्या संगणकावर चित्रे दिसली, पण आवाज उमटला नाही. आजी तर समोरच बसलेली! असे का व्हावे?

प्रथम ध्वनिवर्धक चालू आहे ना, आवाज बंद केलेला नाही ना, हे पाहावे. पुष्कळदा विघ्न एवढेच असते. तेथे दोष नसेल, तर आवाज स्लाइडमध्ये खरोखर होता काय, हा प्रश्न विचारावा लागतो.

पॉवरपॉइंटच्या २००७ पर्यंतच्या आवृत्त्यांत एक चमत्कारिक रीत होती. केवळ ‘वेव्ह’ या प्रकारची ध्वनिफाइल सादरीकरणाच्या पोटात साठविली जाई, आणि तीही लहान असेल तरच. मुळात ठरविलेली मर्यादा होती १०० किलोबाइटची. ही मर्यादा किती तोकडी आहे, याचा हिशेब करून पाहा. सीडीच्या दर्जाच्या आवाजात प्रत्येक सेकंदाला ४४,१०० नमुने घेतात. प्रत्येक नमुन्यास २ बाइट लागतात आणि डावा व उजवा असे २ मार्ग असतात. म्हणजे एका सेकंदास १,७६,४०० बाइट झाले. मग १०० किलोबाइटमध्ये अर्ध्या सेकंदाहून किंचित अधिक आवाज मावणार. त्यात एक टाळी बसेल, ओवी बसणार नाही! ही मर्यादा ५०,००० किलोबाइटपर्यंत वाढविता येत असे. पण ध्वनी घालण्यापूर्वी वाढविली तरच तिचा उपयोग होई.

याहून मोठी फाइल असली, किंवा ती ‘एमपी३’ प्रकारची असली, तर पॉवरपॉइंट तिचा केवळ पत्ता लिहून ठेवी. घरच्या संगणकात त्या पत्त्यावर ध्वनी सापडे. शाळेच्या संगणकात ते घरच नसे, मग ध्वनी कोठून मिळणार? काही माणसे तर ‘आवाज आता स्लाइडमध्ये आला’ असे समजून मूळ फाइल पुसून टाकीत. अशा वेळी सादरीकरण मुके होई ते कायमचेच, आणि दुसरी प्रत नसेल तर मुद्रित केलेला आवाजही जाई. मूळ ध्वनिफाइल पुसू नये, असे सांगण्याचे कारण हेच आहे.

यावर उपाय साधा आहे. प्रथम एक फोल्डर करावा, त्यात ध्वनिफाइल ठेवावी, सादरीकरणही तेथेच साठवावे आणि मगच ध्वनी स्लाइडवर घालावा. शाळेत नेताना सबंध फोल्डर न्यावा.

२०१० च्या आवृत्तीपासून ही रीत पालटली. ध्वनी आपोआप सादरीकरणाच्या पोटात साठू लागला. पण येथे उलटी अडचण उभी राहते. नव्या आवृत्तीत तयार केलेले काम जुन्या ‘पीपीटी’ प्रकारात साठविले, तर ध्वनीच्या जागी त्याच्या चिन्हाचे नुसते चित्र उरते. त्यावर कितीही टिचक्या मारा, ते बोलत नाही.

आणखी एक अडसर आहे. आपल्याकडील जुनी दप्तरे मोडी लिपीत लिहिलेली असत. भाषा मराठीच, पण ज्यास केवळ बाळबोध वाचता येते, त्यास त्यातले अक्षरही लागत नाही. ध्वनीचेही तसेच आहे. तो अनेक सांकेतिक पद्धतींनी लिहिला जातो आणि तो संकेत उलगडणारी आज्ञावली संगणकात नसेल, तर फाइल जवळ असूनही ती वाजत नाही. नव्या आवृत्त्यांत अशी अडचण संभवत असेल, तर ‘फाइल’ या यादीतील ‘इन्फो’ पानावर ‘ऑप्टिमाइझ कंपॅटिबिलिटी’ हे बटण दिसते. ते दाबले म्हणजे ध्वनी दुसऱ्या संगणकांना अधिक सहज वाचता येईल अशा रूपात आणला जातो.

आवाज आत आहे की बाहेर, हे प्रत्यक्ष पाहण्याचीही एक युक्ती आहे. २००७ पासून वापरात आलेली ‘पीपीटीएक्स’ फाइल ही वस्तुतः अनेक लहान फाइलींचे गाठोडे असते. तिची एक प्रत काढावी आणि त्या प्रतीच्या नावातील ‘पीपीटीएक्स’ हे शेपूट काढून तेथे ‘झिप’ लिहावे. मग ते गाठोडे उघडता येते. आत ‘पीपीटी’ नावाचा फोल्डर आणि त्यात ‘मीडिया’ नावाचा फोल्डर असतो. तेथे चित्रांच्या शेजारी ओव्यांची ध्वनिफाइल दिसली, तर आजीचा आवाज सादरीकरणाबरोबर निघाला आहे. न दिसली, तर तो अजून घरच्या संगणकातच आहे.