जोडलं म्हणजे साठवलं नव्हे

विंचूरच्या उपबाजारात कांद्याचा लिलाव उरकला की व्यापाऱ्याच्या ऑफिसात कागदांची गर्दी होते: काटापट्ट्या, हिशेबपट्ट्या, ट्रकच्या बिल्ट्या. हे सगळं विंडोजच्या एका शेअर्ड फोल्डरमध्ये आहे आणि मालकाला ते नाशिकहून मोबाइलवर बघायचंय, असं धरू. मग कोणी जाणकार जुन्या कॉम्प्युटरवर नेक्स्टक्लाउड हे फाइली बाहेरून बघू देणारं सॉफ्टवेअर बसवतो, त्यातलं ‘एक्स्टर्नल स्टोरेज’ सुरू करतो आणि फोल्डर जोडून देतो. पुढचा घोटाळा समजुतीचा असतो.

सगळ्यात महागात पडणारी समजूत म्हणजे, फोल्डर जोडला की फाइली क्लाउडवर गेल्या, बॅकअपही झाला. प्रत्यक्षात फाइली होत्या तिथेच राहतात. नेक्स्टक्लाउड त्यांची नोंद ठेवतं आणि मागितली की फाइल तिथून आणून देतं, एवढंच. ऑफिसातला कॉम्प्युटर बंद असला तर मोबाइलवर काही उघडत नाही. डिस्क गेली तर फाइली गेल्या. ‘पण नेक्स्टक्लाउडला कचरापेटी आहे ना?’ आहे, पण मुनीमजींनी विंडोजमधून थेट उडवलेली फाइल तिच्यात येत नाही. विंडोजमधून थेट बदललेल्या फाइलची जुनी प्रतही ते राखत नाही.

दुसरा गैरसमज धोक्याचा आहे: बाहेरून फोल्डर दिसायला राउटरवर ४४५ पोर्ट उघडावं लागतं. मुळीच नाही. एसएमबीचं, म्हणजे विंडोजच्या फोल्डर-शेअरिंगचं, हे पोर्ट ऑफिसच्या नेटवर्कच्या आतच राहू द्या. बाहेरून नेक्स्टक्लाउडपर्यंत यायला एचटीटीपीएस पुरतं, व्हीपीएन असेल तर उत्तमच. मे २०१७ मध्ये फाइली ओलीस धरून खंडणी मागणारा वॉनाक्राय व्हायरस जगभर पसरला तो एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतल्या त्रुटीतून. ती आवृत्ती चालू असेल तर आजच बंद करा.

विंडोजमध्ये टाकलेली नवी फाइल मोबाइलवर लगेच दिसली नाही की ‘सर्व्हर बिघडला’ अशी ओरड होते. थेट झालेला बदल नेक्स्टक्लाउडला आपोआप कळेलच असं नाही. तो फोल्डर कोणी उघडला किंवा स्कॅन चालवलं की कळतो.

परवानग्यांचं थोडक्यात: सगळ्यांसाठी एकच पासवर्ड टाकून जोडलेल्या फोल्डरला सगळे एकच माणूस वाटतात. पोरासोरांना फक्त बघायचं असेल तर शेअर केवळ वाचण्यापुरता ठेवा.

बॅकअप मात्र वेगळ्या डिस्कवर घ्या, आणि उन्हाळ कांद्याची आवक वाढण्याआधी त्यातली एखादी हिशेबपट्टी परत उघडून बघा.