कॅल्शियमची गळती आणि हृदयाचा बिघडलेला ताल

या पाठात आपण हृदयाच्या पेशीत कॅल्शियम कोठून येते, कुठे साठते आणि त्याचा हिशेब चुकला की ठोक्यांचा ताल कसा बिघडतो ते पाहू. क्रियाविभवाची तोंडओळख असली की पुरे.

आधी दोन रुग्णांची कल्पना करा. पहिले आजोबा सत्तरीचे, हृदय अशक्त म्हणून डिगॉक्सिनच्या गोळ्या घेणारे. गेले काही दिवस त्यांची भूक गेली आहे, मळमळते आहे. दुसरी बारा वर्षांची मुलगी. शाळेत धावण्याच्या शर्यतीत ती कोसळली, हातपाय झटकले आणि मिनिटभरात शुद्धीवर आली. हृदयाच्या सोनोग्राफीत काही दोष नाही, झोपवून काढलेला ईसीजीही साफ. पण आजोबांचा आजचा ईसीजी आणि मुलीला ट्रेडमिलवर चालवत काढलेला ईसीजी शेजारी ठेवले, तर दोन्हींत एकच विचित्र चित्र दिसू शकते: ठोके निलयातून भराभर निघत आहेत आणि पट्टीवरची लाट एका ठोक्याला वर, तर पुढच्या ठोक्याला खाली. याला द्विदिश निलय अतिवेग म्हणतात. तो फार कमी कारणांनी होतो, म्हणून तो दिसला की निदानाची अर्धी वाट चालून झालेली असते. एकाला औषधाची बाधा, दुसरीला जन्मजात जनुकीय दोष. तरी पट्टी सारखी का? उत्तर कॅल्शियममध्ये आहे.

एका ठोक्यातले कॅल्शियम

कॅल्शियमविना हृदय आकुंचन पावत नाही, हे लंडनच्या सिडनी रिंगर यांनी 1883 मध्ये दाखवले. त्यांच्या आधीच्या प्रयोगांत बेडकाचे हृदय मिठाच्या द्रावणात छान धडधडत होते, कारण ते द्रावण ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी नळाच्या पाण्याने केले गेले होते. लंडनच्या त्या पाण्यात कॅल्शियम होते. शुद्ध पाणी वापरताच ठोके मंदावून थांबले. सलाइनच्या बाटलीवरचे 'रिंगर' हे नाव याच गृहस्थांचे.

विश्रांतीत असलेल्या पेशीच्या आत मोकळे कॅल्शियम अत्यल्प असते, बाहेरच्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी कमी. क्रियाविभव आला की पेशीपटलातील एल-प्रकारच्या वाहिन्या उघडतात आणि थोडे कॅल्शियम आत शिरते. हे 'थोडे' आकुंचनाला पुरत नाही, ते फक्त दार ठोठावते. ते दार असते पेशीतल्या कोठाराचे, म्हणजे सार्कोप्लाझ्मिक रेटिक्युलमचे. त्या दाराचे नाव रायनोडिन ग्राही. कॅल्शियमचा स्पर्श होताच ते उघडते आणि कोठारातले कितीतरी जास्त कॅल्शियम बाहेर लोटते. पेशीतील मोकळे कॅल्शियम साधारण दहापट वाढते, तंतू एकमेकांवर सरकतात, ठोका पडतो.

आता आवराआवर. कोठाराच्या भिंतीतला सर्का नावाचा पंप मानवी हृदयात सुमारे 70 टक्के कॅल्शियम परत आत ओढतो. उरलेले बहुतेक पेशीपटलातील सोडियम-कॅल्शियम विनिमयक बाहेर टाकतो. या विनिमयकाचा व्यवहार नीट लक्षात ठेवा, कारण पुढचे सगळे नाट्य त्यावरच आहे. तो एक कॅल्शियम आयन बाहेर काढतो आणि बदल्यात तीन सोडियम आयन आत घेतो. दोन धन प्रभार गेले, तीन आले. म्हणजे दर फेरीला एक धन प्रभार पेशीच्या आत जमा होतो. कचरा बाहेर टाकताना वीज आत येते म्हणा ना.

तुम्ही बंगळुरूच्या इंदिरानगर मेट्रो स्थानकाचा जिना गाडी चुकू नये म्हणून घाईने चढता, तेव्हा ॲड्रेनलीन वाढते. एल-प्रकारच्या वाहिन्यांतून जास्त कॅल्शियम आत येते आणि सर्का पंपावरचा लगाम सैल होऊन तो जोरात चालू लागतो. कोठार काठोकाठ भरते, पुढचा ठोका दमदार पडतो. निरोगी हृदयात हे सारे ठीकच आहे, कारण दारे मजबूत असतात आणि दोन ठोक्यांच्या मध्ये घट्ट मिटलेली राहतात.

वेळ नसताना दार उघडले तर

दोन ठोक्यांच्या मध्येही एखाददुसरे दार चुकून उघडते. तेवढ्या जागी कॅल्शियमची बारीक ठिणगी उडते आणि विझते. 1993 मध्ये अशा ठिणग्या सूक्ष्मदर्शकाखाली प्रथम पाहिल्या गेल्या. त्या रोजच्याच आहेत, धोक्याच्या नाहीत. पण कोठार ओसंडत असेल किंवा दारे कमकुवत असतील, तर एका ठिणगीने शेजारचे दार उघडते, त्याने पुढचे, आणि कॅल्शियमची लाट पेशीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते. क्रियाविभव आलेलाच नसतो, तरी पेशीत कॅल्शियम वाढलेले असते.

विनिमयकाला यातले काही ठाऊक नाही. जास्तीचे कॅल्शियम दिसले की तो ते बाहेर टाकू लागतो आणि दर फेरीला एक धन प्रभार आत घेतो. विश्रांतीत उणे 85 मिलिव्होल्टच्या आसपास असलेला विभव वर सरकू लागतो. याला विलंबित उत्तर-विध्रुवण म्हणतात. लाट लहान असेल तर विभव थोडा चढून परत उतरतो. मोठी असेल तर तो उंबरठा ओलांडतो आणि कोणी न बोलावलेला ठोका पडतो.

इथे विद्यार्थी नेहमी विचारतात की एका पेशीने असे केल्याने काय होणार. खरे आहे, काही होत नाही. शेजारच्या शांत पेशी तिचा प्रभार शोषून घेतात. पुष्कळ पेशींत लाटा एकाच सुमारास उठल्या तरच ठोका उमटतो. ॲड्रेनलीन नेमके हेच करते, ते सगळ्यांची कोठारे एकदम भरते. पर्किंजे तंतूंमध्ये शोषून घेणारे शेजारी कमी, म्हणून अवेळी ठोके तिथून सहज निघतात. अशी दोन ठिकाणे आळीपाळीने पेटली की पट्टीवरची लाट एकदा वर आणि एकदा खाली जाते, असा द्विदिश ठोक्यांचा एक पटणारा खुलासा आहे.

आजोबांची गोळी आणि कुंपणावरची कण्हेर

डिगॉक्सिन फॉक्सग्लोव्ह कुळातल्या वनस्पतीपासून मिळते. त्या झाडाच्या पानांचा औषधी उपयोग विल्यम विदरिंग यांनी 1785 मध्ये सविस्तर लिहिला. कण्हेर आणि पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, यांत याच जातीची विषे असतात. कर्नाटकात कण्हेरीला कणगिले म्हणतात. नाव थोडे बदलले तरी विष तेच, आणि झाडाचे सगळेच भाग विषारी. लहान मुलाने बी किंवा पान तोंडात घातले असेल तर लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. घरी उलटी करवण्यात वेळ घालवू नये.

ही द्रव्ये सोडियम-पोटॅशियम पंप अडवतात. पेशीत सोडियम साचते. सोडियमचा उतार कमी झाला की विनिमयकाचे काम मंदावते, कॅल्शियम बाहेर कमी जाते आणि कोठारात जास्त साठते. योग्य मात्रेत याचा फायदा असा की अशक्त हृदय जोराने आकुंचन पावते. मात्रा वाढली की तेच कोठार ओसंडते. औषध आणि विष यांची यंत्रणा एकच, अंतर फक्त मात्रेचे, आणि डिगॉक्सिनच्या बाबतीत ते फार थोडे आहे. शिवाय पंपावर पोटॅशियम आणि डिगॉक्सिन यांची जागेसाठी चढाओढ असते. लघवीच्या गोळ्यांनी रक्तातले पोटॅशियम घटले की तीच मात्रा जड पडते. मूत्रपिंडे थकलेली असतील तर औषध शरीरात साचते. म्हणून आजोबांची मळमळ 'पित्त झाले असेल' म्हणून सोडून देणे धोक्याचे. पोटॅशियम, क्रिएटिनिन आणि ईसीजी त्याच दिवशी पाहायला हवेत. गंभीर बाधेवर डिगॉक्सिनला बांधून ठेवणारी प्रतिपिंडे देतात, आणि पिवळ्या कण्हेरीच्या विषबाधेतही ती उपयोगी पडतात हे श्रीलंकेतील चाचणीने दाखवले.

मुलीची शर्यत

मुलीच्या बाबतीत कोठारापेक्षा दार दोषी आहे. परिश्रमाने किंवा भीतीने उद्भवणाऱ्या या आजाराचे वर्णन पॅरिसच्या फिलिप कुमेल यांनी 1978 मध्ये केले. 2001 मध्ये रायनोडिन ग्राहीच्या जनुकातील बदल सापडले. निम्म्याहून अधिक रुग्णांत दोष तिथेच मिळतो आणि आई-वडिलांपैकी एकाकडून आलेली एकच सदोष प्रत पुरते. त्याच वर्षी उत्तर इस्राएलमधील बेदुइन कुटुंबांत दुसरे जनुक सापडले. ते कोठारात कॅल्शियम धरून ठेवणाऱ्या कॅल्सिक्वेस्ट्रिन प्रथिनाचे. हा प्रकार होण्यासाठी बहुधा दोन्ही प्रती सदोष लागतात, म्हणून नात्यातल्या लग्नांत त्याची शक्यता वाढते. मामाच्या मुलीशी किंवा भाचीशी लग्न करण्याची चाल असलेल्या आपल्याकडच्या घरांत हा प्रश्न संकोच न करता विचारायला हवा.

सर्वांत मोठा घोटाळा निदानात होतो. मेंदूला रक्त कमी पडले की हातपाय झटकतात, आणि पाहणाऱ्यांना ती फिट वाटते. अशी मुले वर्षानुवर्षे अपस्माराची औषधे घेत राहतात. विचारायचे एवढेच: कोसळण्याच्या क्षणी मूल काय करत होते? धावत, पोहत, भांडत, घाबरत असेल तर विश्रांतीतल्या ईसीजीवर विसंबू नये, हृद्रोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली व्यायाम चाचणी करावी.

उपचार यंत्रणेतूनच उमगतात. बीटा-रोधक ॲड्रेनलीनचा जोर कमी करतात, ते रोज आणि एकही मात्रा न चुकवता घ्यावे लागतात. 2009 मध्ये फ्लेकेनाइड या जुन्या औषधाचाही उपयोग दिसला. ते थेट रायनोडिनचे दार अडवते की सोडियम वाहिन्यांमार्फत काम करते, यावर वाद आहे. छातीतील डाव्या अनुकंपी चेतातंतूंची शस्त्रक्रियाही करतात. छातीत बसवायच्या डिफिब्रिलेटरबाबत मात्र दहादा विचार करावा लागतो. शॉकने मूल घाबरते, ॲड्रेनलीन उसळते, कोठारे पुन्हा भरतात आणि यंत्र पुढचा शॉक देते. आणि एका मुलीत दोष सापडला की तिच्या भावंडांची व आई-वडिलांची तपासणी त्याच महिन्यात उरकावी, त्यांना कधी चक्करही आली नसली तरी.